पाऊणपट

भाचीच्या लॅपटॉपला घरात सगळे ‘पाऊण’ म्हणतात. पडदा साडेअकरा इंचांचा, रॅम चार जीबी, आणि साठवण बत्तीस जीबी, तीही मदरबोर्डवरच झाळलेली, म्हणजे बदलायची सोय नाही. कीबोर्ड इतका आखूड की भावोजींनी एकदा त्यावर बोट ठेवून पाहिलं तर एका बोटाखाली तीन अक्षरं गेली. जाळं विणणारी बोटं ती. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, ‘ह्या चेडवाच्याच हाताचा आसा.’

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तो घेतला. त्या पावसाळ्यात कणकवली तालुक्यातली एक मुलगी रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत असल्याची बातमी सगळीकडे झळकली होती. आमच्या मालवणच्या दांडीला डोंगर नाही, समोर समुद्र. भाची किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत बसून तास ऐकायची, कारण घराच्या भिंतीत सिग्नल शिरत नसे. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, वीज दिवसेंदिवस गेली, आणि पाऊण पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात राहिला. त्यातून तो वाचला. खाऱ्या वाऱ्यानं एक यूएसबीचं भोक तेवढं गंजवलं.

त्याला खरं मारलं ते अद्ययावत होण्याच्या हौसेनं. विंडोज १० दर महिन्याला नवं काही आणी आणि बत्तीस जीबींत जागा मागे. भाचीनं फोटो पुसले, गाणी पुसली, दहावीच्या नोट्स पुसल्या, तरी ‘जागा अपुरी’ ही पाटी हटेना. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ची देखभाल बंद होणार हे कंपनीनं सांगून ठेवलेलं, आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबी साठवण लागते. म्हणजे पुढची वाट दारातच बंद. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. अभ्यासक्रमात पायथन. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘मामा, ह्याच्यार काय तरी घाल.’

काय तरी घाल. हे वाक्य माझ्यासारख्या माणसाला सांगू नये.

मी वीस वर्षं पुण्यात सर्व्हरची राखण केली. लिनक्स हे माझ्या भाकरीचं साधन. २००६ च्या सुमाराला उबंटूवाले घरपोच सीडी पाठवायचे, टपालखर्चसुद्धा घ्यायचे नाहीत. तसलं एक पाकीट अजून माझ्या कपाटात आहे. मालवणात परत आल्यापासून या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. त्यामुळे भाची आली तेव्हा मी तिच्या गरजेकडे पाहिलंच नाही, माझ्या हौसेकडे पाहिलं. पाऊणवर डेबियन लिनक्स चढवलं, आणि वर आयथ्री नावाचा खिडक्यांचा कारभारी. त्यात माऊसला फारसं काम नाही. सगळं कीबोर्डवरून. खिडक्या आपोआप शेजारी शेजारी मांडल्या जातात, जागेचा एक ठिपका वाया जात नाही. लहान पडद्याला याहून चांगलं काही नाही, हे माझं मत मी आजही सोडलेलं नाही. चालू केल्यावर जेमतेम चारशे एमबी मेमरी खात होतं. मी खूश.

तीन दिवसांनी ती आली. ‘मामा, ही खिडकी बंद कशी करूची?’

तीन दिवस तिनं एकही खिडकी बंद केली नव्हती. दर वेळी नवी उघडली की जुन्या आकसत, नवी उघडली की आकसत. शेवटी पडद्यावर पोस्टाच्या तिकिटांएवढे अकरा चौकोन होते आणि एकातही अक्षर वाचता येत नव्हतं. कुणाला विचारावं तर वर्गात कुणी हे पाहिलेलंच नाही. मैत्रिणींनी बघितलं आणि विचारलं, व्हायरस लागलाय काय?

हा संवाद भावोजींच्या पडवीत चालला होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ते घरी. मांडीवर जाळं, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला. मी तिला समजावत होतो की ही व्यवस्था हलकी आहे, वेगवान आहे, मोठमोठे प्रोग्रॅमर हीच वापरतात. भावोजींनी मान वर न करता विचारलं, ‘बिघडला तर कोण बघता?’

‘मी आहे ना.’

‘तू नसलंस तर?’

मग त्यांनी होडीच्या इंजिनाचं सांगितलं. काही वर्षांपूर्वी आउटबोर्ड इंजिन घ्यायचं होतं तेव्हा एजंटनं त्यांना एक नवं मॉडेल दाखवलं. तेल कमी खातं, आवाज कमी, ओढ जास्त. कागदावर सगळं सरस. भावोजी बंदरावर गेले, मेकॅनिकच्या शेडमध्ये बसले, आणि तिथे खोलून ठेवलेली इंजिनं कोणती आहेत ते बघून आले. त्याच जातीचं घेतलं. ‘जा इंजिन बंदरार दुरुस्त होता, ता बरा,’ ते म्हणाले. ‘बाकीची सगळी कागदार बरी.’

मी गप्प बसलो. वीस वर्षं ज्या बैठकांमध्ये मी यंत्रांची निवड करताना बसलो, तिथे तक्ते होते, गुण होते, भारांकन होतं. शेडमध्ये जाऊन बसणारा एकही नव्हता.

मग मी भाचीच्या बंदरावर कोण कोण आहे ते विचारत सुटलो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उबंटू. तिथला सहायक तेवढंच ओळखतो, पण ते पक्कं ओळखतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे आणि पायथनचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, मराठीतूनही आहेत, आणि त्यांतही बहुधा उबंटूच दिसतं. सरकारी सी-डॅकनं २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स काढली. मला तिच्याबद्दल ममत्व आहे, पण दांडीपासून कॉलेजपर्यंत ती वापरणारा एकही माणूस भाचीला माहीत नव्हता. माझं डेबियन उबंटूचं मूळ घराणं. १९९३ मध्ये इयन मर्डॉकनं सुरू केलं आणि आपलं नि डेब्रा या मैत्रिणीचं नाव जोडून नाव ठेवलं. डेबियनवर २००४ साली उबंटू उभं राहिलं, आणि उबंटूवर २००६ पासून लिनक्स मिंट. तीन पिढ्या एका छपराखाली. आजीचा उपाय नातीला बहुतेक वेळा लागू पडतो, आणि मिंटची अडचण उबंटूवाल्याला विचारली तर तो गोंधळत नाही.

खरं उबंटू पाऊणला जड. त्याचा दर्शनी भाग देखणा आहे, पण चार जीबींत तो आणि ब्राउझर एकत्र नांदत नाहीत. लुबंटू हलकी, पण तिचे मेनू भाचीला परके वाटले. पपी तर गंमतच: संपूर्ण मेमरीत चढते, आजोबांच्या यंत्रावरही पळते, पण तिची रीत सगळ्यांहून वेगळी, म्हणजे पुन्हा मेकॅनिक नाही. उरली मिंट, आणि तिच्यातही एक्सएफसीई हा साधा दर्शनी भाग. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, खिडकीच्या डोक्यावर बंद करायची फुली. मिंटवाले किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा मागतात. आमच्याकडे दोन्ही होतं, जागा जरा ओढाताणीनं. त्यांच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं आणि ते ‘आ’नं संपतं. आमच्या वाट्याला झिया आली. भाचीला यंत्राचं बारसं झाल्यासारखं वाटलं.

ती उतरवून घ्यायलाच दोन रात्री लागल्या. फाइल जवळजवळ तीन जीबींची, पाऊस धो-धो, वीज दर तासाला डोळे मिचकावणारी. अशा वेळी ब्राउझरवर विसंबू नये. तुटलं की बरेचदा पुन्हा पहिल्यापासून. मी डब्ल्यूगेट नावाच्या जुन्या आज्ञेला लावलं, ती तुटल्या जागेवरून पुढे ओढते. रापण ओढताना दोर सुटला तर कुणी जाळं पुन्हा समुद्रात नेऊन टाकत नाही, तिथूनच धरतात. उतरल्यावर फाइलीचा ठसा मूळ ठशाशी ताडून पाहिला. हे काम नवशिके हमखास गाळतात आणि मग अर्ध्या बसवणीत अडकतात.

मग पेनड्राइव्ह. लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी रीत ही, की आत न बसवता ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. यंत्रातल्या कशालाही हात लागत नाही. नवशिक्यानं इथे एक पूर्ण दिवस काढावा, मी तर म्हणेन दोन. वाय-फाय लागतं का? आवाज येतो का? झाकण मिटलं की यंत्र झोपतं आणि उघडलं की उठतं का? टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का? ही चार उत्तरं मिळाली की बाकीची चर्चा व्यर्थ. माझ्या डेबियनवर वाय-फाय दर अर्ध्या तासानं सुटत होतं. भाचीनं ते मला सांगितलंही नव्हतं, तिला वाटलं लिनक्समध्ये असंच असतं. झियाच्या पेनड्राइव्हवर ते दिवसभर टिकलं, कारण तिचा गाभा नवा होता आणि त्या चिपला ओळखत होता. बत्तीस जीबींत दोन बिऱ्हाडं ठेवायची नाहीत हेही तेव्हाच ठरलं. भाचीनं उरलंसुरलं पेनड्राइव्हवर काढलं आणि जुनं सगळं पुसलं. पुसण्याची ती कळ तिनंच दाबली. मी हात मागे बांधून उभा होतो. भावोजी नको नको म्हणत बघत होते.

बसल्यानंतरच्या युक्त्या मात्र माझ्या, आणि त्यांचा मला थोडा अभिमान आहे. लहान पडद्यावर काही खिडक्या इतक्या उंच उघडतात की ‘ठीक’ म्हणायचं बटण पडद्याखाली बुडतं. ऑल्ट दाबून खिडकी कुठेही धरून वर ओढता येते. हे ठाऊक नसल्यानं लोक लॅपटॉप बदलतात. खालची पट्टी लपती केली. झेडरॅमची सोय लावली, म्हणजे मेमरीतला पडून असलेला माल दाबून लहान जागेत बसतो. टाइमशिफ्ट यंत्राची जुनी स्थिती जपून ठेवतं, पण मोकाट सोडलं तर बत्तीस जीबी महिन्यात गिळतं. त्याला एकच प्रत ठेवायला सांगितलं. प्रोग्रॅम लिहायला थॉनी दिलं, एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात खास शिकणाऱ्यांसाठी घडलेलं. त्यात एकेक ओळ चालताना कोणत्या नावात काय भरलंय ते शेजारी दिसतं. आणि एक तंबी दिली: यंत्रातलं मूळ पायथन काढायचं नाही, त्यावर मिंटची स्वतःची कामं चालतात. खरा खादाड ब्राउझर आहे, हे तिला तिचंच कळलं. चार खिडक्यांच्या वर गेली की पाऊण धापा टाकतो. धडा एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला, अशी स्पोकन ट्युटोरियलची शिकवण्याची पद्धत आहे. साडेअकरा इंचांत त्या दोघांची रेल्वेच्या बाकावरच्या प्रवाशांसारखी कोपरं लागतात. तिनं तोडगा काढला, धडा फोनवर लावला.

लहान यंत्र आणि लिनक्स हा आपल्या किनाऱ्याला नवा संसार नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैरात या धनगरवाडीच्या शाळेत २००७ साली हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले होते, मुलागणिक एक. २५६ एमबी मेमरी, उन्हात वाचता येणारा पडदा, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कीबोर्ड, आणि आत फेडोरा लिनक्स. तो रबरी कीबोर्ड मालवणला कुणी आणला असता तर मी आज हात जोडले असते. शेजारच्या गोव्यातही या शतकाच्या सुरुवातीला परदेशातून आलेले जुने संगणक लिनक्स घालून शाळांना दिले गेले. आणि मुळात हे सगळं ज्यानं सुरू केलं तो लिनस टोरवाल्ड्स १९९१ साली एकवीस वर्षांचा होता, हेलसिंकीत, हप्त्यांनी घेतलेल्या यंत्रासमोर. त्याच्या यंत्रात मेमरी होती चार एमबी. पाऊणमध्ये त्याच्या हजारपट आहे. हे सांगितल्यावर भाचीनं धापा टाकणाऱ्या ब्राउझरकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मगे एवढी गेली खंय?’ उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ऑगस्ट उजाडला, नारळ समुद्राला गेला, होड्या गेल्या. भाचीला पहिला स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा होता, पुस्तकातला नको होता. तिनं भरतीची वेळ निवडली. आमच्या किनाऱ्यावर हा हिशोब तोंडी असतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, नि तिथून सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी. तिथी कालनिर्णयवरून बघायची. ते १९७३ साली काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, त्यामुळे इथे ते घरचं पंचांग असल्यासारखं भिंतीवर असतं.

तिनं पायथनमध्ये नावं मराठीत दिली. तिथी, भरती, ओहोटी. पायथन ती मुकाट स्वीकारतं. खालच्या काळ्या खिडकीत मात्र वेलांट्या सुट्या पडतात, जोडाक्षरं फुटतात. ही तक्रार मी वीस वर्षं ऐकतोय. पण एक गोष्ट मलाही नवी होती. भावोजींनी इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीच्या कळांवर एकेक बोट आपटत तिथीचा आकडा मराठीत टाकला, ७, आणि प्रोग्रॅमनं तो बिनतक्रार सात म्हणून घेतला. वापरणारा जे टाइप करतो त्यातले देवनागरी अंक पायथनला वाचता येतात. मी हे कधी करून पाहिलं नव्हतं. मला कधी गरजच पडली नव्हती.

मग तिनं एक ते पंधरा सगळ्या तिथी एकाखाली एक छापल्या आणि तिथेच थांबली. ‘मामा, पुनवेक अकरा पंधरा. दुसऱ्या दिवसा प्रतिपदा, बारा पंचेचाळीस. रोज पंचेचाळीस मिनिटां पुढे जाता, मगे हय दीड तास कसो?’

मी तोंडी नियम आयुष्यभर ऐकला, कधी टोकापर्यंत मोजला नव्हता. पंधरा पाऊण सव्वाअकरा होतात, बारा होत नाहीत. वर्तुळ पाऊण तासानं उघडं राहतं. आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. चांद्रमासात तिथी तीस, दिवसाचे तास चोवीस. एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे पाऊणपट नव्हे, चार-पंचमांशपट. तिनं ०.७५ खोडून ०.८ केलं. पंधरावर बारा आले, प्रतिपदेला बारा अठ्ठेचाळीस. उडी गेली. प्रत्येक बंदराची भरती चंद्रापासून कमीजास्त मागे-पुढे असते आणि त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभाग वेगळी कोष्टकं छापतो, हे मी तिला सांगितलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती पडवीत धावली होती.

भावोजींनी ऐकून घेतलं. चार-पंचमांश त्यांनी मनात करून पाहिला, जमला नाही. पाऊण जमतो. तोंडात विडी, हातात सुकाणू असताना पाऊण जमतो. ‘होडी काय मिनिटार सुटता?’ ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आश्विनातली सप्तमी होती, आणि त्यांनी स्वतःच विचारलं, उद्या तुझ्या मशिनाप्रमाणे किती वाजता?

पाचाला छत्तीस. जुन्या हिशोबानं सव्वापाच.

संध्याकाळी पाचला आम्ही तिघं दांडीवर उभे राहिलो. भावोजींनी ओल्या वाळूत एक काठी रोवली. समोर किल्ला, मोरयाच्या धोंड्याजवळ दोन पोरं गरी टाकून बसलेली. भाचीच्या मांडीवर पाऊण उघडा, पडद्यावर घड्याळ. सव्वापाच झाले. पाणी काठीशी येऊन परत जात होतं. पाच पंचवीस. तेच. पाच छत्तीसला ती ओरडायला तयार होती, पण लाट पाचशे वेळा आली तशीच आली आणि गेली. पावणेसहालाही पाणी तिथेच लुबलुबत होतं, चढतही नव्हतं, उतरतही नव्हतं.

‘गो, भांग हा आज,’ भावोजी काठी उपटत म्हणाले. सप्तमी-अष्टमीला भरतीला जोर नसतो, पाण्याला कुठे जायची घाई नसते. वीस मिनिटांचा निवाडा भांगाच्या पाण्यात होत नाही. त्याला उधाण पाहिजे. ‘पुनवेक बघ. तेव्हा तुझो नि माझो फरक पाऊण तासाचो.’

पुनव म्हणजे कोजागरी. त्या रात्री असंही जागायचं असतं. भाचीनं पाऊण मिटला. तो झोपला, हे तिनं झाकणाच्या कडेचा दिवा पाहून खात्री करून घेतलं. मग काठी भावोजींकडून मागून घेतली आणि घरी नेऊन पडवीच्या आढ्याला खोचून ठेवली.